इतरांच्या रेकॉर्डींचे तुकडे जोडून केलेल्या अल्बमला लोक मास्टरपीस का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की डीजे शॅडो या अमेरिकन संगीतकाराचा ‘एंडट्रोड्यूसिंग’ हा अल्बम दोनदा लावला आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर बंद केला. सगळं दुसऱ्यांच्या रेकॉर्डींतून उचललेलं, मग यात त्याचं स्वतःचं काय? आणि ज्यांना आवडतं त्यांना खरंच आवडतं, की तसं म्हणायची फॅशन आहे?

मला खरंच आवडतं. पण ‘उचललेलं’ हा शब्द झोंबला. 2017 च्या दिवाळीत माझ्या सख्ख्या भावाने हाच शब्द वापरला होता आणि तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. म्हणून थोडं लांबण लागेल.

आमच्या बाबांचं सोलापुरात, नव्या पेठेत कॅसेटचं दुकान होतं. जिन्याखालची जागा, एक टर्नटेबल, तीन डेक, मागे भिंतभर रेकॉर्डी. नव्या कॅसेटी विकून फार सुटायचं नाही, धंदा होता तो कॅसेट भरून देण्याचा. गिऱ्हाईक वहीच्या फाडलेल्या पानावर यादी आणायचं. बाबा यादी वाचायचे आणि म्हणायचे, “परवा या.” लोकांना वाटायचं, गाणी तर सगळी दुकानातच आहेत, मग दोन दिवस कशाला? दोन दिवस लागायचे ते क्रम लावायला. साठच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. शेवटचं गाणं मध्येच तुटलेलं बाबांना चालायचं नाही, आणि शेवटी दोन मिनिटं कोरी फीत फिरलेलीही चालायची नाही. त्यासाठी एक लांब पाठकोरी वही होती. तिच्यात प्रत्येक गाण्याची मिनिटं-सेकंदं घड्याळ लावून लिहिलेली. सहावीत असल्यापासून त्या बेरजा मी करायचे. बेरीज जुळली म्हणून काम संपायचं नाही. बाबा डोळे मिटून एका गाण्याचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात लागोपाठ ऐकायचे, आणि कधी कधी सगळी बाजू मोडून पुन्हा लावायला घ्यायचे. “ह्याच्यानंतर कान दमतो. मधी काहीतरी साधं पाहिजे,” म्हणायचे.

हे सगळं तुमच्या प्रश्नाचंच उत्तर आहे, पण भावाचं सांगते.

दादा पेटी आणि ऑर्गन वाजवतो. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला की साथीला बऱ्याचदा तोच असतो, आणि उत्तम वाजवतो, त्यात वाद नाही. त्या दिवाळीत सगळे त्याच्या जुळे सोलापूर भागातल्या घरी जमलो होतो. त्याने नवीन स्पीकर घेतले होते. मी म्हटलं, मी एक अल्बम लावते, तासाच्या जरा वर आहे, सगळ्यांनी बसून ऐकायचा. नाव सांगितलं तर आई म्हणाली, “डीजे नको गं बाई, छातीत धडधडतं.” सोलापुरात डीजे म्हणजे मिरवणुकीपुढची स्पीकरची भिंत, दुसरा अर्थच नाही. तिला सांगितलं की हा तो डीजे नाही, हळू आवाजात ऐकायचं आहे, तेव्हा ती बसली.

दुसऱ्या गाण्यात पियानो फिरत राहतो, बायकांचा कोरस येतो, आणि एका ड्रमवाल्याच्या मुलाखतीतला आवाज मध्येच बोलून जातो. आई म्हणाली, “ह्या बाया एवढं एकच म्हणून गप का बसल्या? पुढचं कुठाय?” तिला इंग्रजी येत नाही, पण कोरसचा तुकडा अर्धा कापून फिरवलाय हे तिला आपोआप कळलं. पुतण्या म्हणाला की यूट्यूबच्या व्हिडिओंमागे वाजतं तसलं आहे. मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते शेजारचे काका. त्यांचं आयुष्य चादरीच्या जेकार्ड मागावर गेलंय. त्यांची घरची भाषा तेलुगू, आमच्याशी मराठी. जेकार्डला भोकं पाडलेले पत्ते साखळीसारखे गुंफलेले असतात, एकेका पत्त्यावर एकेक आडवा धागा पडतो, साखळी फिरून आली की तीच नक्षी पुन्हा. काका मांडीवर बोटं मोजत होते. थोड्या वेळाने म्हणाले, “पत्ते फिरायलेत. पण बघ, हितं एक पत्ता बदललाय. पुढच्या फेरीला परत दुसरा बदलला. हा माणूस मुद्दाम बदलतोय.” आणि खरंच, त्या अल्बममधले ड्रम तुम्ही कान देऊन ऐका, फिरता फिरता ते मध्येच बदलत राहतात. कितीतरी समीक्षकांचं वाचलं, पण इतक्या थोडक्यात हे कुणी सांगितलेलं मला आढळलं नाही.

मग ‘ऑर्गन डोनर’ लागलं. ‘अवयवदाता’ असा अर्थ आणि वाद्य ऑर्गन, दोन्ही त्या नावात आहे. दोनेक मिनिटांचंच आहे. ऑर्गन सुरू झाला आणि दादा सरळ होऊन बसला. “कोण वाजवतोय? बोटं बघ काय पळतायत.” मी अतिशय आनंदात सांगितलं की हा तुकडा जॉर्जियो मोरोडर या इटालियन संगीतकाराच्या 1972 च्या ‘टिअर्स’ गाण्यातला आहे, शॅडोने तो घेऊन त्याखाली ड्रम बसवले. दादाचा चेहराच उतरला. “म्हणजे याने वाजवलंच नाही? उचललेलं आहे. संगीत नाहीच हे. बाबांच्या दुकानातली भरलेली कॅसेट आहे.”

‘भरलेली कॅसेट’ हे त्याने शिवी दिल्यासारखं म्हटलं. ज्या कॅसेटींवर आमच्या दोघांच्या शाळेची फी भरली गेली, त्याची ऑर्गनची शिकवणी झाली, त्या कॅसेटी.

मी म्हटलं, आणि भोंगा? तर म्हणाला, “तो चुकून गेला होता. माइक चालू राहिला होता.”

भोंग्याचं असं झालं होतं. एक गिरणी कामगार बाबांचा नेहमीचा गिऱ्हाईक. गिरणी बंद पडली आणि तो मागावर काम करायला भिवंडीला निघाला. त्याने यादी दिली, बाबांनी कॅसेट भरली, आणि दुसऱ्या बाजूला चौथं गाणं संपल्यावर गिरणीचा भोंगा घातला. गिरणी चालू असताना तो गच्चीवरून टेप केलेला होता. भोंगा संपतो तिथे लगेच पाचव्या गाण्याची सनई लागते. पुढच्या गड्ड्याच्या जत्रेला तो माणूस सोलापुरात आला तेव्हा दुकानात येऊन बसला. भिवंडीच्या खोलीत आठ जण राहत होते, सगळे सोलापूरचे. रात्री कॅसेट लावली आणि भोंगा झाला तसे आठही जण उठून बसले, एक जण तर अंधारात चपला शोधायला लागला. मग सनई लागली. त्यानंतर खोलीतले काही जण रोज तेवढाच भाग मागे घेऊन ऐकायचे. एकाने मात्र बजावलं होतं, पुन्हा लावलीस तर टेप फोडीन.

एकाच आवाजाने एका खोलीतली माणसं अशी दोन टोकांना गेली. भोंगा बाबांनी ‘बनवला’ नव्हता, सनईही त्यांची नव्हती, पण भोंग्याला सनई जोडण्याचा निर्णय त्यांचा होता, आणि लोक हलले ते त्या जोडावर. तुम्ही विचारता ना, यात त्याचं काय? जोड त्याचा. कुठून कापायचं, किती हळू फिरवायचं, कशाशेजारी ठेवायचं आणि कधी थांबायचं, हे सगळं त्याचं. ‘एंडट्रोड्यूसिंग’ 1996 मध्ये आला तेव्हा शॅडो 24 वर्षांचा होता. मुख्य यंत्र अकाई कंपनीचं एमपीसी 60, आवाजाचे तुकडे साठवून बटणांनी वाजवायचं. त्याच्या मेमरीत मुळात 13 सेकंदांचा आवाज मावतो, वाढवली तर 26. एवढ्याशा जागेत ड्रमचा एकेक ठोका सुटा करून बोटाने पुन्हा वाजवत त्याने तासाभराचा अल्बम उभा केला. गिनीज बुकाने पूर्णपणे सॅम्पलवर, म्हणजे अशा घेतलेल्या तुकड्यांवर, केलेला पहिला अल्बम म्हणून त्याची नोंद घेतली. ज्याने तीस मिनिटांत नऊ गाणी बसवण्यासाठी रात्र घालवलेली पाहिलीय, त्याला याला कॉपी-पेस्ट म्हणवणार नाही.

आणि हे तुकडे आले कुठून? कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरातल्या एका जुन्या रेकॉर्डींच्या दुकानाच्या तळघरातून त्याने कितीतरी रेकॉर्डी शोधल्या. कव्हरवर फोटो आहे तोही त्याच दुकानाचा. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या, नाव न झालेल्या लोकांच्या रेकॉर्डींचे तळघरात ढीग होते. आमच्याकडे दुकान बंद झाल्यावर बाबांच्या भिंतभर रेकॉर्डी दादाने किलोवर भंगारात घातल्या. बाबा तेव्हा आजारी होते, त्यांना विचारलंही नाही. मी पुण्यात नोकरीला होते, मला महिन्याने कळलं. म्हणून तो अल्बम ऐकताना रेकॉर्डीची खरखर कानावर आली की मला काय होतं, ते तुम्हाला कळावं म्हणून सांगितलं.

दादाचा दुसरा मुद्दा होता की आपल्या संगीतात असलं चालत नाही. अरे, तू ज्या नाट्यपदांची साथ करतोस त्यांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून आधीच्या गाण्याचे शब्द छापलेले असतात. किर्लोस्करांनी 1880 मध्ये ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणलं त्यात साकी होती, दिंडी होती, कीर्तनातल्या चाली होत्या. भजनी मंडळं आजही सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणतात. आपण कायम दुसऱ्याची चाल घेऊन तिच्यात आपला जीव ओतत आलोय.

यावर तो म्हणेल, चाल घेणं वेगळं, दुसऱ्याचा वाजवलेला हात घेणं वेगळं. इथे त्याचं बरोबर आहे, हे मला मान्य करायलाच हवं. चाल घेतली तरी गळा आपला लागतो. आणि जुन्या पुस्तकात मूळ गाण्याचा उल्लेख तरी असतो. अमेरिकेत 1991 मध्ये सॅम्पलच्या खटल्याचा निकाल लागला, त्याची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने आहे. त्यानंतर परवानगी आणि पैसे हा विषय कुणालाच टाळता येईना. त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्या एका ड्रमवाल्याची. द विन्स्टन्स या अमेरिकन बँडच्या 1969 च्या ‘आमेन, ब्रदर’मधला सहाएक सेकंदांचा ड्रमचा तुकडा हजारो गाण्यांत वापरला गेला. वाजवणारा ग्रेगरी कोलमन, त्याला त्याचे पैसे मिळाले नाहीत. तो 2006 मध्ये गेला. 2015 मध्ये ऐकणाऱ्यांनी वर्गणी काढून 24,000 पौंड जमवले, ते बँडच्या प्रमुखाला मिळाले. आणि खरं सांगायचं तर बाबांनीही भरलेल्या कॅसेटींचा एक पैसा कुठल्या गायकाला, संगीतकाराला पाठवला नाही. तेव्हा असं कुणी करतच नव्हतं, पण म्हणून ते योग्य ठरत नाही. अल्बम मोठा आहे हे खरं, आणि तुकड्यांच्या मालकांना त्यांचं देणं द्यायला हवं हेही खरं.

आणि सॅम्पल वापरलं की झालं चांगलं, असंही मी म्हणत नाही. एक जुना तुकडा घ्यायचा, खाली ठोका लावायचा, दोन मिनिटं तेच फिरवायचं, असला आळशी माल इंटरनेटवर ढिगाने आहे. काकांच्या भाषेत सांगायचं तर त्यात एकही पत्ता बदलत नाही.

तुम्ही अर्ध्यावर बंद केलात, कारण बहुतेक फोनच्या स्पीकरवर लावलात आणि गाण्याला मुखडा कधी येतोय याची वाट बघत बसलात. मुखडा येणार नाही. हेडफोन लावा. आधी ‘ऑर्गन डोनर’ ऐका, मग ‘मिडनाइट इन अ परफेक्ट वर्ल्ड’, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सलग, क्रम न बदलता. ड्रम कधी बदलतात तेवढंच मोजत राहा. तरी नाही आवडला तर सोडून द्या, आमच्या आईलाही नाही आवडला, ती अजून त्या बायकांचं पुढचं मागते.

दादा, तू हे वाचणार आहेस, वहिनी तुला पाठवेलच. मागच्या उन्हाळ्यात माळा आवरताना बाबांची मिनिट-सेकंदांची वही सापडली. त्या कॅसेटचं पान आहे. दुसरी बाजू, चार गाणी, त्यांच्यासमोर वेळा. पाचव्या ओळीत बाबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘भोंगा – 22 से.’ खाली बेरजेत ते 22 सेकंद धरलेत. बेरीज माझ्या हातची आहे.