10 पाकिटांत सहाही स्टिकर मिळण्याची संभाव्यता फाशाने कशी काढायची?

प्रत्येक पाकिटात 6 पैकी एक स्टिकर आणि सगळे सारख्याच संख्येने भरलेले, असं धरलं तर फाशाची एक फेक म्हणजे एक पाकीट. 10 फेका म्हणजे एक प्रयोग. सहाही अंक आले की 'यशस्वी' लिहा. यशस्वी प्रयोग भागिले एकूण प्रयोग, ही प्रायोगिक संभाव्यता.

20 प्रयोगांवर मात्र थांबू नका. खरं उत्तर साधारण 0.27 आहे, पण 20 प्रयोगांत 3 यशस्वी येतील किंवा 8, दोन्ही सहज शक्य आहे. म्हणून गूगल शीट्समध्ये करा. एका ओळीत 10 रकान्यांत 'रँडबिटवीन' (RANDBETWEEN, दिलेल्या मर्यादेतला कुठलाही एक आकडा देणारं सूत्र) 1 ते 6, अकराव्यात त्या दहांवर 'काउंटयुनिक' (COUNTUNIQUE, किती वेगवेगळे आकडे आले ते मोजणारं सूत्र). ही ओळ खाली 1000 ओळींपर्यंत ओढा आणि अकराव्या रकान्यात 6 किती वेळा आले ते 'काउंटइफ'ने (COUNTIF) मोजा. आता उत्तर बहुतेक वेळा 0.24 ते 0.30 मध्ये पडेल. शीटमध्ये काहीही बदललं की सगळे आकडे नव्याने पडतात, त्यामुळे नोंदवण्याआधी फक्त मूल्यं दुसरीकडे पेस्ट करा.

नेहमीची चूक मॉडेलमध्येच असते: एखादा स्टिकर दुर्मीळ असेल, तर साधा फासा चालणारच नाही. समजा तो 20 पाकिटांत एकदाच येतो, तर 1 ते 100 आकडे घ्या, त्यातले फक्त 5 आकडे त्याला द्या आणि बाकीचे 95 उरलेल्या पाच स्टिकरांत त्यांच्या प्रमाणात वाटा.