तालमीआधी वाचन

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

संस्थेने नव्या नाटकांचं काम तुझ्याकडे सोपवलं, याचा फार आनंद झाला. हातातल्या तीन संहितांपैकी एक लगेच तालमीला घ्यावी असा सगळ्यांचा आग्रह आहे म्हणतेस. घेऊ नकोस. आधी वाचन ठेव.

वाचन हा निकाल नव्हे. आपलं नाटक दुसऱ्याच्या तोंडून लेखकाला ऐकता यावं, एवढ्यासाठी ते असतं. म्हणून लेखकाला वाचायला लावू नकोस. कागदावर न उतरलेलंही तो आवाजाने भरून काढतो. नटांना संहिता दोन दिवस आधी दे, पण रंगवून वाचू नका म्हणून सांग. मुरलेला नट कच्चा प्रवेशही तारून नेतो, मग खोट सापडते ती थेट तालमीत. रंगसूचना वाचायला वेगळा माणूस बसव. पानापानावर खर्ड्याची तारीख आणि पृष्ठक्रमांक हवा. प्रत्येक प्रवेशाला किती मिनिटं लागली ते टिपून ठेव.

लेखकाला श्रोत्यांचे चेहरे दिसतील असं बाजूला बसव, हातात पेन्सिल दे. कुणी खुर्चीत सरकलं, कुणी घड्याळ पाहिलं, की त्या ओळीशेजारी फुली. बस्स. मात्र दुखणं बहुधा फुलीच्या जागी नसतं. दोन-तीन पानं मागे काहीतरी सांगायचं राहिलेलं असतं किंवा दोनदा सांगितलेलं असतं.

चहा झाल्यावरच चर्चा. तिथे तुझी खरी कसोटी आहे. ‘बापाला दुसऱ्या अंकात मारून टाक’ असले उपाय सुरू झाले की थांबव. श्रोत्यांना विचार, कुठे गोंधळलात, या क्षणी मुलीला काय ठाऊक आहे असं वाटलं? लेखकाने उत्तरं द्यायची नाहीत, लिहून घ्यायची. दहा जणांची मतं ऐकून केलेला खर्डा कुणाचाच राहत नाही.

आपल्याकडचे बरेच लेखक एकांकिका स्पर्धांतून येतात. चाळीस मिनिटांचा आवाका, शेवटी धक्का, मध्ये सतत काळोख, ही सवय हाताला लागलेली असते. त्याच ऐवजात पाणी घालून दोन अंक केले की मध्यंतरानंतर नाटक जागीच फिरत राहतं. अशा लेखकाला विचार, पहिल्या अंकाच्या शेवटी असं काय घडतं की आता मागे फिरता येणार नाही? उत्तर नसेल तर एकांकिकाच राहू दे.

पुढच्या खर्ड्याला तीन-चार आठवडे दे. दुसरं वाचन वीसेक अनोळखी लोकांपुढे ठेव, मग चार-पाच दिवस नुसतं उभं राहून करून पाहा. १९७४ पासून मुंबईत दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने नव्या नाटकांना जागा दिली, तशी तुमच्या गावातली शाळा किंवा वाचनालयही चालेल. संहिता एकदा पक्की झाली की ओळी बदलायच्या त्या लेखकाला विचारूनच. प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे दिलेली प्रत आणि प्रयोग एकच असायला हवेत.

आणि करार पहिल्या वाचनाआधी कर. लेखनकाळाचं मानधन, प्रत्येक प्रयोगामागची रक्कम, प्रयोगाचे हक्क संस्थेकडे किती वर्षं, भाषांतर आणि चित्रपटाचे हक्क कुणाचे, सगळं कागदावर. नाटक चालायला लागल्यावर हा विषय काढला की मैत्री तुटते.

ज्या दोन संहिता घेणार नाहीस, त्यांच्या लेखकांना महिन्याभरात सविस्तर पत्र लिही. वाचनाची तारीख ठरली की कळव, मी श्रोत्यांत मागे बसेन.

तुझा,
एक नाट्यस्नेही