ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी दोन आठवड्यांच्या मिशन ट्रिपवर मोरोक्कोला जाणं सुरक्षित आहे का? काय तयारी करावी?

तुमच्यासाठी बहुतेक सुरक्षित आहे. फार तर पोलीस बॅगा उघडतील, अरबी पुस्तकं काढून घेतील, विमानात बसवतील. परत येऊन मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सांगायला एक साक्ष वाढेल. हे अफगाणिस्तान नाही. तिथे जुलै २००७ मध्ये तालिबानने गझनीत २३ कोरियन ख्रिस्ती स्वयंसेवकांना बसमधून उतरवून ओलीस ठेवलं आणि दोघांना मारलं. तेही थोड्या दिवसांसाठीच गेले होते.

मोरोक्कोच्या दंडसंहितेचं कलम २२० वाचून जा. मुसलमानाची श्रद्धा डळमळवण्यासाठी आमिष दाखवलं, किंवा त्याच्या अडचणीचा, शाळेचा, दवाखान्याचा, अनाथालयाचा वापर केला, तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. स्वतःहून धर्म बदलणं हा कायद्याने गुन्हा नाही. पण परदेशी माणसासाठी कोर्टाची गरजच पडत नाही. मार्च २०१० मध्ये ऐन लेऊ गावातलं ३३ मुलांचं अनाथालय चालवणाऱ्या परदेशी ख्रिस्ती लोकांना सरकारने थेट देशाबाहेर काढलं. मुलं मागे राहिली.

मागे राहणाऱ्यांचं काय होतं, ते मी पाहिलंय. नवरा शिकवायला होता म्हणून आम्ही मोरोक्कोतल्या फेज शहरात राहत होतो. आमच्या खालच्या मजल्यावर एक विधवा बाई आणि तिचा मुलगा. मुलगा एका रियादमध्ये, म्हणजे जुन्या वाड्यातल्या हॉटेलात, रिसेप्शनवर होता, इंग्रजी फर्डा. माझे दीर मंडळीची टीम घेऊन आले. येण्याआधी मी फोनवर बजावलं होतं, "भाऊजी, वाटायला काहीही आणू नका." ते म्हणाले, "नाही वहिनी, नुसतं प्रार्थना करत फिरू." बॅगेत निघाली दारिजातल्या, म्हणजे मोरोक्कोच्या बोली अरबीतल्या, नव्या कराराची मेमरी कार्डं.

खालच्या मजल्यावरचा हा मुलगा त्यांना मदिनेत, म्हणजे फेजच्या जुन्या शहरात, फिरवायचा, माझ्या ओळखीवर, एक पैसा न घेता. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी त्याला गच्चीवर बोलावलं, खांद्यावर हात ठेवून प्रार्थना केली. पाहुणे प्रार्थना करताहेत म्हटल्यावर त्याने मान खाली घातली. कोणीही घालेल. तेवढ्यात फोटो. घरी पोचताच फेसबुकवर त्याच्या नावासकट, "फेजमधलं पहिलं फळ," म्हणजे त्यांच्या हातून ख्रिस्ती झालेला पहिला माणूस.

त्याच्या मावसभावाने ते पाहिलं. मग पोलिसांनी चौकशीला बोलावलं, रियादच्या मालकाने कामावरून काढलं, ठरलेलं लग्न मोडलं. त्याची आई जिन्यात माझ्याकडे न बघता जायला लागली. मी भाऊजींना फोन केला तर ऐकवतात काय, "वहिनी, छळ तर होणारच, शास्त्रातच लिहिलंय." म्हटलं, "भाऊजी, तो ख्रिस्ती झालेलाच नाही, मग हा छळ ख्रिस्तासाठी कसा?" त्यावर उत्तर नाही. नवरा म्हणाला, जाऊ दे, मोठा भाऊ आहे. म्हणून मी जाऊ देत नाही.

शहरात घरात गुपचूप जमणारे मोजके मोरोक्कन ख्रिस्ती विश्वासी होते. त्यांनीही कित्येक महिने जमणं बंद केलं. त्या टीमने त्यांना विचारलं नव्हतं. ते आहेत हेच टीमला माहीत नव्हतं.

तयारीचं विचारलंत. वाचायला स्वतःचं एक बायबल न्या, वाटायला काही नको. व्हिसाच्या अर्जात पर्यटन लिहिणार असाल तर पर्यटनच करा. तिथे वर्षानुवर्षं राहिलेलं कोणी असेल तर आधी त्यांना विचारा, आणि ते येऊ नका म्हणाले तर तिकिटाचे पैसे त्यांना पाठवा. लोकांचे फोटो नकोत, नावं तर मुळीच नकोत. परत आल्यावर किती जणांनी प्रभूला स्वीकारलं असं पाळकांनी विचारलं, तर आकडा सांगू नका. दोन आठवड्यांत दारिजाची भाजीबाजाराएवढीही भाषा येत नाही. कोणाच्या मनात काय चाललंय ते कुठून कळणार? मुसलमानांत प्रचार करायला निघालेल्या रेमंड लल या ख्रिस्ती मिशनऱ्याने ट्युनिसला जायच्या आधी नऊ वर्षं अरबी शिकण्यात घालवली होती, तेराव्या शतकात.

सगळ्याच टीम अशा नसतात, हेही सांगते. एकदा दोन नर्स आल्या होत्या. तिथल्या एका मिशनरी बाईचं बाळंतपण, तिची मोठी मुलं, स्वयंपाक, सगळं सांभाळून गेल्या, बाहेर कोणाला एक शब्द बोलल्या नाहीत. असं जाणार असाल तर जरूर जा.

आणि तुमच्या टीमचे लीडर कोण आहेत ते कळवा. भाऊजी यंदा पुन्हा मोरोक्कोलाच निघालेत असं ऐकलंय. तेच असतील तर निघण्याआधी त्यांना ती पोस्ट काढायला लावा. माझं ते ऐकत नाहीत.