जवस गिळताय की खाताय?

प्रश्न: ताई नमस्कार, मी कोथरूडला राहते, वय ५२. मैत्रिणीचं ऐकून रोज सकाळी चमचाभर अख्खे जवस पाण्याबरोबर गिळते, कारण चावायला बसलं की दातात अडकतात. सासूबाई म्हणतात हे कसलं औषध, सरळ चटणी कर. पण भाजल्यावर त्यातलं ओमेगा जळून जातं असं वाचलंय, मग खायचं तरी कसं?

उत्तर: सासूबाईंचं ऐका! जवसाचं साल गुळगुळीत आणि चिवट, त्यामुळे अख्खा दाणा बराचसा जसाच्या तसा बाहेर पडतो. थोडी चिकट फायबर मिळते आणि पोट साफ व्हायला मदत होते हे खरं, पण ज्यासाठी एवढा खटाटोप चाललाय ते ओमेगा-३ आणि लिग्नन्स (वनस्पतींमधली एक प्रकारची उपयुक्त द्रव्यं) आतच बंद राहतात. दाणा फुटायलाच हवा.

राहिलं भाजणं. मंद आचेवर, दाणे तडतडायला लागेपर्यंत भाजलं तर ओमेगा फारसं कमी होत नाही. उलट कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे घटक थोड्या प्रमाणात असतात ते भाजल्यावर कमी होतात (चमचाभराने काही होत नाही हो, घाबरू नका, पण कच्चे जवस वाटीवाटीने खायचे नाहीत). काळे पडेपर्यंत मात्र भाजू नका, कडू लागतात.

पूर्ण गार झाल्यावरच दळा, आणि मिक्सर सलग फिरवायचा नाही, थांबत थांबत दोन-चार झटके, नाहीतर भांडं तापतं, तेल सुटतं आणि सगळा गोळा होऊन पात्याखाली चिकटून बसतो. मग सुरीने खरवडत बसा. लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून केलेली जाडसर चटणी विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर कायम खातात, पुण्यात आपण तिला आता 'सुपरफूड' म्हणून पाकिटातून विकत घेतो, असो. जाडसर म्हणजे दाणे फुटलेले हवेत हं, अख्खे दिसत असतील तर अजून एक झटका द्या.

दळलेल्या जवसाला हवा आणि उजेड लागला की खवट होतो, म्हणून एकदम किलोभर दळून ठेवू नका, आठवड्याला पुरेल एवढंच दळून घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये. रंगाच्या डब्यासारखा वास आला की फेकून द्या, जीव तुटला तरी. अख्खे दाणे महिनोन् महिने टिकतात.

किती? एक मोठा चमचा पूड म्हणजे साधारण ७ ग्रॅम, त्यात दीड ग्रॅमच्या आसपास ओमेगा-३ आणि जवळजवळ २ ग्रॅम फायबर. दिवसाला एक ते दोन चमचे पुष्कळ झाले. ताकात, कणकेत, कोशिंबिरीत कशातही घाला, फक्त सुरुवात अर्ध्या चमच्याने करा आणि पाणी भरपूर प्या, नाहीतर पोट साफ व्हायच्या ऐवजी गच्च होतं. आणि हे ओमेगा माशातल्यासारखं नसतं, शरीर त्यातलं थोडंच त्या प्रकारात बदलतं, तेव्हा मासे खात असाल तर जवस सुरू केले म्हणून ते बंद करू नका.

प्रश्न: बाबांना रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे, त्यांना चटणी देऊ का?

उत्तर: भाकरीबरोबर चिमूटभर चटणीचा प्रश्न नाही, पण रोज चमचा-दोन चमचे पूड सुरू करायची असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा. गोळी आणि जवस एकत्र देऊ नका, मध्ये दोनेक तास जाऊ द्या, ती चिकट फायबर औषध शोषायच्या आड येऊ शकते. गरोदरपणातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा चमचा नको.

प्रश्न: मुलाच्या क्रिकेट बॅटला लावायला जवसाचं तेल आणलंय, तेच चमचाभर प्यायलं तर चालेल का?

उत्तर: अजिबात नाही! बॅटचं, रंगाचं, पॉलिशचं तेल खाण्यासाठी काढलेलं नसतं, काहींमध्ये लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. तेलच हवं असेल तर खाण्याचं असं स्पष्ट लिहिलेलं, गडद बाटलीतलं घ्या, फ्रिजमध्ये ठेवा आणि वरून कच्चंच घाला, फोडणीला वापरायचं नाही. पण तेलात फायबर नाही आणि लिग्नन्सही जवळजवळ नाहीत, शिवाय महाग, त्यामुळे मी तरी पूडच घ्या म्हणेन.