नकाशा आधी अंगणात, मग मोबाइलवर

प्रिय दोस्ता,

गडचिरोलीतल्या गोंड गावात विद्यार्थ्यांना घेऊन गावाचा नकाशा काढायला जाणार असशील, तर जानेवारी-फेब्रुवारी गाठ. धान घरात आलेलं असतं, पानगळीने रानही मोकळं दिसतं. मोहफुलं पडू लागली की पहाटेच घरं ओस पडतात आणि मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी असते. तेव्हा लोकांचा वेळ मागू नये. ग्रामसभेची परवानगी मात्र जाण्याआधीच घे.

पहिल्या दिवशी मोबाइल पिशवीतच राहू दे. सारवलेल्या अंगणात राख आणि रांगोळी ठेवा, रेघा गावकऱ्यांनाच ओढू द्या. आधी नाले, मग वाटा, मग रान. बायांचा नकाशा वेगळा करा, हे विसरू नकोस. एकत्र बसवलं की बोलका गडी काडी धरतो. मग हद्द आणि चराई उमटते, पण सरपण, रानभाजी, कंद आणि उन्हाळ्यात टिकणारा झरा राहून जातो. अंतरं चुकलेली वाटतील. ती दुरुस्त करू नका, कारण चढाची वाट लांबच काढली जाते. कोंबड्या फिरकायच्या आत, त्याच दिवशी कागदावर उतरवा. डोंगर-नाल्यांची नावं गोंडीत, म्हणतात तशीच लिहा. मूळ कागद गावाकडे राहील, प्रत तुमची.

दुसऱ्या दिवशी शिवारफेरी. शेजारच्या गावातले जाणते सोबत हवेतच. नाहीतर तुमची रेघ भांडणाचं कारण होईल. हद्दीच्या प्रत्येक वळणावर जीपीएसची अचूकता पाच मीटरपर्यंत येईस्तोवर थांबा; दाट झाडीत ती तेवढी आली नाही, तर तसं वहीत नोंदवा. जुन्या सर्वेक्षण नकाशाचा डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया, जीपीएसपेक्षा वेगळा असतो. तो न बदलता बिंदू चढवले तर हद्द शंभर-दोनशे मीटर सरकते आणि दोष म्हाताऱ्यांच्या आठवणीला लागतो.

कोणती खूण कोणी सांगितली तेही लिहा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही पुरावा आहे. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तुमचा नकाशा वनहक्काच्या दाव्याला जोडायचा की नाही, हे मात्र ग्रामसभाच ठरवेल.

देवस्थानं, औषधी झाडं आणि मधाची पोळी यांचे अक्षांश-रेखांश प्रकल्पवहीत नकोत. गावाने दाखवलं म्हणजे जगाला दाखवायला दिलं, असं होत नाही. परतण्याआधी पूर्ण नकाशा पुन्हा अंगणात मांडा, मोठ्याने वाचून दाखवा आणि ज्या नावावर कुणी नकाराची मान हलवेल ते तिथेच खोडा.

तुझा,
एक मार्गदर्शक