एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलपणाचा विकार) असलेला माझा नऊ वर्षांचा मुलगा संध्याकाळी इतकी चिडचिड का करतो? दोष औषधाचा, आजाराचा की आमच्या लाडांचा?

ताई, तुम्ही लिहिलंय की गोळी सुरू झाल्यापासून शाळेतून तक्रारी येणं थांबलं, पण घरी पाऊल टाकल्यापासून त्याची आदळआपट सुरू होते, मग रडतो, आणि रात्री कुशीत येऊन झोपतो. आजोबा म्हणतात, दोन धपाटे द्या. आणि साखर बंद करावी का, असंही विचारलंय तुम्ही. मी डॉक्टर नाही. पुण्यात विशेष शिक्षिका आहे आणि अशी मुलं माझ्याकडे शाळा सुटल्यावरच येतात, त्यामुळे तुम्ही सांगताय ती वेळ माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

लाडांचा प्रश्न आधी बाजूला ठेवू. लाडावलेलं मूल हवं ते मिळालं की शांत होतं. तुमचा मुलगा हवं ते मिळाल्यावरही धुमसतोय आणि नंतर स्वतःच रडतोय. हा हट्ट नव्हे. राग आला की तो अडवून धरायची जी यंत्रणा मेंदूत असते, ती या मुलांमध्ये उशिरा पक्व होते. अमेरिकेत 2007 साली मेंदूच्या छायाचित्रांवरून झालेल्या एका अभ्यासात मेंदूच्या बाह्य थराची वाढ एका ठरावीक टप्प्याला इतर मुलांमध्ये साधारण साडेसातव्या वर्षी पोचलेली दिसली, एडीएचडीच्या मुलांमध्ये साडेदहाव्या. म्हणजे वयाने नऊ असला तरी रागाच्या बाबतीत त्याच्याकडून सहा-सात वर्षांच्या पोराइतकीच अपेक्षा ठेवा. निदानाच्या मुख्य लक्षणांत चिडचिड मोजत नाहीत, म्हणून बरेचदा तपासणीत तिच्याबद्दल कुणी विचारतही नाही. घरच्यांना मात्र चंचलपणापेक्षा तिचाच वैताग जास्त होतो.

आता माझा मुख्य मुद्दा: चिडचिड किती होते यापेक्षा ती किती वाजता होते ते बघा.

सुरुवात डब्यापासून करा. मिथाइलफेनिडेट गटातली गोळी असेल तर दुपारची भूक मरते. माझ्याकडे एक मुलगा यायचा, दप्तर टाकल्या टाकल्या भांडण उकरून काढायचा. डबा उघडला तर सकाळची पोळी तशीच गुंडाळलेली, भाजीला चमचाही लागलेला नाही. विचारलं तर "भूक नाही". या मुलांना पोटात कावळे ओरडत असले तरी ते कळत नाही, फक्त सगळ्या जगाचा राग येतो. त्याला न विचारता समोर केळं आणि शेंगदाण्याचा लाडू ठेवायला लागले, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातली भांडणं पुष्कळ कमी झाली. सकाळी गोळीच्या आधी पोटभर नाश्ता, आल्या आल्या खाणं आणि रात्री उशिरा पुन्हा भूक लागली तर "आता काय खातोस" न म्हणता पुन्हा खाणं, एवढं पाळा.

दुसरी गोष्ट गोळीची वेळ. साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो, हळूहळू सुटणाऱ्या प्रकाराचा आठ ते बारा तास. असर उतरताना काही मुलं गोळी नसतानापेक्षाही जास्त चिडतात, रडवेली होतात. तासाभरात हे ओसरतं. तुमच्याकडे चिडचिड रोज ठरल्या वेळी येत असेल तर शंका याचीच आहे, आणि यावर उपाय असतात: वेळ बदलणं, प्रकार बदलणं, दुपारी छोटा डोस देणं. ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण त्यांना "चिडतो हो फार" एवढंच सांगितलंत तर ते तरी काय ठरवणार? गोळी किती वाजता, जेवला किती, भडका किती वाजता, किती वेळ टिकला आणि रात्री झोपला किती वाजता, हे आठवडाभर कॅलेंडरच्या मागे लिहा आणि तो कागद घेऊन जा. तोवर गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

याच्या उलट, गोळीचा असर असतानाच तो गप्पगप्प, कोमेजलेला, हसणं विसरल्यासारखा दिसत असेल तर डोस जास्त होत असण्याची शक्यता आहे. शाळा यावर खूश असते, कारण वर्गात आवाज नाही. तुम्ही खूश होऊ नका. अ‍ॅटोमॉक्सेटिन हे दुसऱ्या प्रकारचं औषध चालू असेल तर मनःस्थितीवर विशेष लक्ष ठेवा, कारण त्याच्या बाबतीत मुलांमध्ये आत्महत्येचे विचार येऊ शकतात असा इशाराच दिलेला असतो.

तिसरी वेळ गृहपाठाची. भागाकार दिसला की कंपास पेटी भिंतीवर आणि खोडरबराने पान फाटेपर्यंत घासणं. चिडचिड फक्त वाचन, लेखन किंवा गणितापाशीच होत असेल तर अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. दोन्ही एकत्र असणं नेहमीचं आहे. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही, त्यामुळे चाचणीचा कागद पुढे परीक्षेच्या सवलतींसाठीही लागतो.

भडका उडालेला असताना समजावू नका. त्या वेळी लांब वाक्य म्हणजे आगीत तेल. "मी इथे आहे", बास. धाकट्या भावंडाला दुसऱ्या खोलीत न्या. फेकलेल्या वस्तू शांत झाल्यावर त्यालाच उचलायला लावा, पण भाषण न देता. मोबाइल एकदम हिसकावू नका. "पाच मिनिटांत" हे या मुलांना कळत नाही, घड्याळातला काटा दाखवा. आजोबांना सांगा, धपाट्याने तो गप्प बसतो ते भीतीने. राग आवरायला शिकतो असं नाही.

सगळ्या वेळा तपासूनही काही जुळत नसेल, म्हणजे भडक्यांच्या मधल्या काळातही, सुट्टीच्या दिवशीही, शाळेतही तो बहुतेक वेळ तिरसटलेलाच असेल आणि वर्षभर हेच चालू असेल, तर हा मनःस्थितीचा वेगळा विकार असू शकतो. तेव्हा बालमानसोपचारतज्ज्ञांकडूनच नीट तपासणी हवी. खासगी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात. "मला मरायचंय" असं एकदा जरी म्हणाला, तरी रागात बोलला म्हणून सोडू नका. शांतपणे विचारा, त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. टेली-मानस 14416 ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा चोवीस तास चालू असते.

राहिली साखर. तिच्यामुळे मुलं बिथरतात हे घरोघरी ऐकायला मिळतं, पण 1995 साली अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा वागण्यावर तसा परिणाम सापडला नाही. दातांसाठी बेताने द्या हवी तर. लाडू बंद करून संध्याकाळच्या भांडणांत आणखी एकाची भर नको.