मृगाची पहिली सर आणि भाताचा तरवा
मृगाच्या पहिल्याच सरीवर भरवसा ठेवून तुम्ही तरवा (लावणीसाठी भाताची रोपे तयार करण्याची जागा) पेरणार असाल, तर आधी ओल किती खोल गेली आहे ते बोटाने उकरून पाहावे, कारण आपल्या जांभ्या मातीचा वरचा थर भिजलेला दिसला तरी तिच्यात पाणी फार काळ टिकत नाही. दाणा पाणी शोषतो, त्यातील पिष्टाची साखर होऊ लागते आणि पांढरे मूळ बाहेर येते. मूळ फुटण्यापूर्वी सुकलेला दाणा बहुधा पुन्हा रुजतो, परंतु त्यानंतर ओल तुटली तर कोवळा कोंब करपतो. ही अवस्था सर्वांत नाजूक असते, हे मी आग्रहाने सांगेन. उघडीप लांबल्यास संध्याकाळी झारीने पाणी द्यावे. युरिया मात्र तेव्हा टाकू नये, क्षारांमुळे मुळांना पाणी ओढणे आणखी जड जाते. दुबार पेरणीपुरते बियाणे राखून ठेवावे.